बिंदूंतून अक्षर : बेसिक भाषेतील सोप्या आज्ञावलींनी प्रिंटर चालविण्याचा एक पाठ

ग्रामपंचायतीच्या कारभारात कागदाला मोठे महत्त्व आहे. घरपट्टीची मागणी असो, मतदारांची यादी असो वा जन्ममृत्यूचा दाखला असो, नागरिकाच्या हाती शेवटी पडतो तो छापील कागदच. त्या कागदावर त्याचे नाव, त्याच्या वाडीचे नाव आणि त्याच्या गावाचे नाव अचूक असावे, ही अपेक्षा रास्त आहे. संगणक शासकीय कार्यालयांत येऊ लागला त्या काळात मात्र या साध्या अपेक्षेलाच अडथळा आला. प्रिंटरला रोमन अक्षरे येत होती. देवनागरी येत नव्हती. 'यंत्रात मराठी नाही' हे उत्तर अनेक ठिकाणी ऐकू येई, आणि ते अंतिम मानले जाई.

ते उत्तर कितपत खरे होते, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. त्यासाठी १९८० च्या दशकातील घरगुती संगणक, त्यावरील बेसिक ही भाषा आणि सुयांनी बिंदू उमटविणारा प्रिंटर ही तीन साधने घेतली आहेत. उदाहरण म्हणून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, मालवण तालुक्याच्या किनाऱ्यावरील आचरा या गावाचे नाव निवडले आहे. साधने जुनी असली तरी त्यांतून मिळणारा धडा जुना झालेला नाही. शिक्षकांना तो वर्गात, आणि पंचायत सदस्यांना तो आपल्या दप्तराकडे पाहताना उपयोगी पडेल.

बेसिक भाषा आणि शाळांतील संगणक

बेसिक ही संगणकाची भाषा जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात तयार केली. १ मे १९६४ रोजी तिच्यातील पहिल्या आज्ञावली चालल्या. गणित वा विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही संगणक वापरता यावा, हा तिचा हेतू होता. प्रत्येक ओळीला क्रमांक, प्रत्येक ओळीत एक सोपी आज्ञा, आणि चूक झाल्यास यंत्राकडून तत्काळ सूचना, ही तिची वैशिष्ट्ये होत. पुढे घरगुती संगणक स्वस्त झाले तेव्हा त्यांतील बहुतेकांत ही भाषा कायमची बसविलेली असे. यंत्र चालू करताच पडद्यावर आज्ञेची वाट पाहणारे चिन्ह दिसे.

भारतातील शाळांना या भाषेची ओळख झाली ती प्रामुख्याने 'क्लास' या प्रकल्पामुळे. शाळांमधील संगणक साक्षरता व अभ्यास या उद्देशाने केंद्र शासनाने १९८४-८५ मध्ये तो हाती घेतला आणि आरंभी देशातील सुमारे २५० शाळा त्यासाठी निवडल्या. या शाळांना देण्यात आलेला संगणक म्हणजे इंग्लंडमधील एकॉर्न कंपनीचा 'बीबीसी मायक्रो' होय. ब्रिटिश नभोवाणी संस्थेच्या संगणक साक्षरता उपक्रमासाठी तो १९८१ च्या अखेरीस बाजारात आला होता. त्याच्या 'बी' या प्रकारात ३२ किलोबाइट स्मृती आणि प्रिंटर जोडण्याची सोय होती. आजच्या मोबाइल संचाच्या तुलनेत ही स्मृती नगण्य वाटेल. परंतु पुढील सर्व अभ्यास तेवढ्या स्मृतीत सहज मावतात.

प्रिंटर कसा लिहितो

त्या काळी घरगुती संगणकाला जोडला जाणारा प्रिंटर बहुधा 'डॉट मॅट्रिक्स' प्रकारचा असे. या यंत्राच्या हेडमध्ये एकाखाली एक अशा नऊ बारीक सुया असतात. हेड कागदावरून डावीकडून उजवीकडे सरकत जाते. ज्या सुईला विजेचा इशारा मिळतो ती पुढे झेपावते, शाईच्या फितीवर आदळते आणि कागदावर एक बिंदू उमटतो. अशा बिंदूंच्या उभ्या ओळी शेजारीशेजारी पडल्या की अक्षर तयार होते. रांगोळी काढताना प्रथम ठिपके मांडले जातात आणि मग आकृती दिसू लागते, त्याच जातीचे हे काम आहे. येथे ठिपके हीच आकृती होय.

एप्सन कंपनीचा एमएक्स-८० हा अशा प्रकारचा प्रिंटर १९८० मध्ये आला आणि त्याची आज्ञापद्धती पुढे इतर अनेक उत्पादकांनी स्वीकारली. त्यामुळे या पाठातील संख्या त्या पद्धतीच्या बहुतेक प्रिंटरना लागू पडतात.

संगणक प्रिंटरला अक्षरे पाठवीत नाही; संख्या पाठवितो. ६५ ही संख्या आली की प्रिंटर आपल्या स्मृतीत ठेवलेला रोमन 'ए'चा बिंदुसमूह उमटवितो. ३२ आली की जागा सोडतो. १३ आली की हेड डावीकडे नेतो, १० आली की कागद एक ओळ वर सरकवितो आणि १२ आली की कागदाचे नवे पान घेतो. या संख्यांच्या मूळ अमेरिकी कोष्टकात ० ते १२७ अशी १२८ स्थाने आहेत. त्यांत देवनागरीला स्थान नाही. 'यंत्रात मराठी नाही' या उत्तराचा उगम येथे आहे. तथापि, प्रिंटरला 'ए' तरी कोठे कळतो? त्याला कळतात ते केवळ बिंदू. ही गोष्ट लक्षात घेतली की पुढील मार्ग मोकळा होतो.

पहिला अभ्यास : क्रमांकांची यादी

या पाठातील आज्ञा वाचकांच्या सोयीसाठी उच्चाराप्रमाणे देवनागरीत आणि मराठी अंकांत छापल्या आहेत. प्रत्यक्ष यंत्रावर त्या रोमन अक्षरांत व इंग्रजी अंकांत टंकाव्या लागतात. बीबीसी मायक्रोवर 'व्हीडीयू २' ही आज्ञा प्रिंटर चालू करते आणि 'व्हीडीयू ३' बंद करते. या दोहोंच्या दरम्यान जे पडद्यावर उमटते ते कागदावरही उमटते.

घरोघर फिरून नोंदी घेण्यासाठी क्रमांक घातलेला कोरा तक्ता हवा आहे, असे समजू. त्यासाठी पुढील आज्ञावली पुरेशी आहे.

१० *एफएक्स ६,०
२० व्हीडीयू २
३० फॉर एन=१ टू ५०
४० प्रिंट एन;स्ट्रिंग$(४०,".")
५० नेक्स्ट
६० व्हीडीयू ३

ओळ ३० आणि ५० यांमधील काम पन्नास वेळा होते. प्रत्येक वेळी क्रमांक आणि त्यापुढे चाळीस टिंबे छापली जातात. ओळ १० चे प्रयोजन समजून घेण्यासारखे आहे. कागद सरकविण्याची १० ही संख्या हा संगणक सहसा प्रिंटरकडे जाऊ देत नाही. कारण काही प्रिंटर ओळ संपताच स्वतःहून कागद सरकवितात आणि दुहेरी आज्ञेने मधली ओळ कोरी जाते. आपला प्रिंटर तसा नसेल तर सगळ्या ओळी एकावर एक छापल्या जातील. ओळ १० ने ही अडवणूक दूर होते. उलट, छापलेल्या तक्त्यात एकाआड एक ओळ कोरी आली तर ही आज्ञा काढून टाकावी. दोष कोणाचा हे ठरविण्यापूर्वी कागदाकडे पाहावे, हा यातील पहिला धडा.

दुसरा अभ्यास : शीर्षक, ठळक अक्षर आणि अरुंद अक्षर

कागदावरील मजकुराला शीर्षक हवे, बेरीज ठळक हवी आणि रकाने अधिक असल्यास अक्षर अरुंद हवे. यासाठी प्रिंटरला काही सांकेतिक संख्या पाठवाव्या लागतात. त्यांतील नेहमीच्या पुढीलप्रमाणे आहेत :

१४ – त्या ओळीपुरते रुंद अक्षर
१५ – अरुंद अक्षर सुरू
१८ – अरुंद अक्षर बंद
२७, ६९ – ठळक अक्षर सुरू
२७, ७० – ठळक अक्षर बंद
२७, ६४ – सर्व सूचना रद्द, प्रिंटर मूळ स्थितीत

यांतील २७ या संख्येला 'एस्केप' म्हणतात. 'यापुढे येणारी संख्या हे अक्षर नव्हे, ती सूचना आहे' असा तिचा अर्थ. टपालाच्या पाकिटावर पत्त्याआधी 'प्रति' लिहावे, तसे तिचे काम आहे.

या संख्या थेट पाठविताना एक अडचण येते. १४ या संख्येचा प्रिंटरला एक अर्थ आहे, तर पडद्याला दुसरा : पडदा भरला की थांबावयाचे. १२ म्हणजे प्रिंटरला नवे पान. पडद्याला ती सर्व मजकूर पुसण्याची आज्ञा. एकच शब्द दोन खात्यांत दोन अर्थांनी वापरला जावा, तसा हा प्रकार. म्हणून बीबीसी मायक्रोवर 'व्हीडीयू १' ही आज्ञा ठेवली आहे. तिच्यानंतर येणारी एक संख्या फक्त प्रिंटरकडे जाते, पडद्याकडे नाही. पहिल्या अभ्यासातील १० ची अडवणूकही तिला लागू होत नाही. ठळक अक्षर सुरू करावयाचे तर 'व्हीडीयू १,२७,१,६९' असे लिहावे. प्रत्येक संख्येआधी १ घालण्यास विसरू नये.

नेहमीच्या अक्षरात आठ इंचांच्या ओळीत ८० अक्षरे बसतात. अरुंद अक्षरात ती १३० च्या वर जातात. कर आकारणी नोंदवहीसारख्या अनेक रकान्यांच्या तक्त्याला अरुंद अक्षर सोयीचे पडते. मात्र काम संपताच २७, ६४ पाठवून प्रिंटर मूळ स्थितीत आणावा. नाहीतर पुढच्या माणसाचे पत्रही अरुंद अक्षरातच छापले जाते.

तिसरा अभ्यास : 'आचरा' हे नाव देवनागरीत

आता मुख्य विषयाकडे वळू. प्रिंटरला २७, ७५ या संख्या पाठविल्या की तो अक्षरे छापण्याचे थांबवितो आणि बिंदूंची वाट पाहतो. त्यानंतरच्या दोन संख्यांनी बिंदूंचे किती स्तंभ येणार आहेत हे सांगावयाचे असते. २५६ पेक्षा कमी स्तंभ असतील तर पहिली संख्या म्हणजे स्तंभांची संख्या आणि दुसरी शून्य. त्यापुढे येणारी प्रत्येक संख्या म्हणजे बिंदूंचा एक उभा स्तंभ होय.

एका स्तंभासाठी आठ सुया वापरल्या जातात. सर्वांत वरच्या सुईचे मूल्य १२८, त्याखालच्या सुयांची अनुक्रमे ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि सर्वांत खालच्या सुईचे १. ज्या सुया हव्या त्यांच्या मूल्यांची बेरीज करावी आणि ती पाठवावी. ही मूल्ये दरवेळी निम्मी होत जातात, त्यामुळे कोणत्याही दोन वेगळ्या आकृत्यांची बेरीज सारखी येत नाही. वाण्याकडील वजनांच्या संचात एक, दोन, चार, आठ अशी वजने असली की कोणतेही पूर्ण वजन एकाच रीतीने मांडता येते, तेच हे गणित.

'च' हे अक्षर चौकटीच्या वहीत पुढीलप्रमाणे मांडता येईल. भरलेले वर्तुळ म्हणजे बिंदू, रिकामे वर्तुळ म्हणजे मोकळी जागा.

१२८ ● ● ● ● ● ● ●
६४ ○ ○ ○ ○ ○ ● ○
३२ ○ ○ ○ ○ ○ ● ○
१६ ● ● ● ● ● ● ○
८ ○ ● ○ ○ ○ ● ○
४ ○ ● ○ ○ ● ● ○
२ ○ ○ ● ● ○ ● ○
१ ○ ○ ○ ○ ○ ● ○

पहिल्या स्तंभात वरचा आणि चौथा बिंदू आहे : १२८ अधिक १६, म्हणजे १४४. दुसऱ्या स्तंभात १२८, १६, ८ आणि ४, म्हणजे १५६. सहाव्या स्तंभात आठही बिंदू आहेत. त्यांची बेरीज २५५. हा अक्षराचा उभा दंड होय. शेवटच्या स्तंभात केवळ शिरोरेषा आहे, म्हणून १२८. ती पुढच्या अक्षराशी जोडली जाते. रोमन अक्षरे सुटी उभी राहतात. देवनागरी अक्षरे एका रेषेखाली नांदतात. हा फरक या एका स्तंभाने साधला आहे.

याच पद्धतीने 'आ' आणि 'रा' मांडले की पूर्ण नावाला २५ स्तंभ लागतात. आज्ञावली अशी :

१० व्हीडीयू २
२० व्हीडीयू १,२७,१,७५,१,२५,१,०
३० फॉर एन=१ टू २५
४० रीड के
५० व्हीडीयू १,के
६० नेक्स्ट
७० व्हीडीयू १,१३,१,१०
८० व्हीडीयू ३
९० डेटा ६६,१४५,१४५,१२६,१४४,१४४,२५५,१२८,२५५,१२८
१०० डेटा १४४,१५६,१४६,१४६,१४८,२५५,१२८
११० डेटा १२८,१३६,२०४,१७८,१२९,१२८,२५५,१२८

ओळ ९० मध्ये 'आ', ओळ १०० मध्ये 'च' आणि ओळ ११० मध्ये 'रा' आहे. या छपाईत एका इंचात ६० स्तंभ बसतात, म्हणून नावाची रुंदी सुमारे एक सेंटिमीटर येते. आठ इंचांच्या ओळीत ४८० स्तंभ मावतात.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. ओळ २० मध्ये २५ स्तंभ सांगितले आणि प्रत्यक्षात २४ च पाठविले, तर प्रिंटर तक्रार करीत नाही. तो पंचविसाव्याची वाट पाहतो आणि त्यानंतर येणाऱ्या सूचनेलाच बिंदू समजून छापतो. स्तंभ अधिक पाठविले तर जास्तीच्या संख्या तो अक्षरे म्हणून वा सूचना म्हणून घेतो. आधी किती येणार हे सांगावयाचे आणि मग नेमके तितकेच द्यावयाचे, हा करार दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो.

वाड्यांची नावे आणि मात्रांचा प्रश्न

'आचरा' या नावात शिरोरेषेच्या वर किंवा खाली काहीही नाही, म्हणून ते आठ बिंदूंच्या उंचीत मावले. सर्वच नावे इतकी सरळ नसतात. याच गावातील जामडूलमध्ये खाली दीर्घ उकार आहे. पिरावाडीत वर दोन वेलांट्या आहेत. हिर्लेवाडीत वेलांट्या, रफार आणि मात्रा असे सर्वच आहे. शेजारच्या चिंदर गावाच्या नावात वेलांटीसोबत अनुस्वार येतो. मराठी नाव छापावयाचे तर शिरोरेषेच्या वरचा मजला आणि अक्षराच्या खालचा मजला, दोन्ही बांधावे लागतात.

यावर उपाय असा की एक ओळ दोन वा तीन फेऱ्यांत छापावी. पहिल्या फेरीत फक्त वरची चिन्हे, दुसरीत अक्षरे आणि आवश्यक तर तिसरीत उकार. फेऱ्यांच्या मध्ये फट पडू नये म्हणून कागद आठ बिंदूंइतकाच सरकला पाहिजे. त्यासाठी २७, ६५, ८ ही सूचना आहे. काही जुन्या प्रिंटरवर तिच्यामागोमाग २७, ५० हेही पाठवावे लागते.

आचरा हे नाव 'आचरे' असेही लिहिले जाते. त्यात शेवटचा काना जातो आणि 'र'वर मात्रा येते. मात्रा ही डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेषा. तिचे पाच स्तंभ १६, ८, ४, २, १ असे होतात. शेवटचा बिंदू शिरोरेषेला टेकतो. आज्ञावली पुढीलप्रमाणे :

१० व्हीडीयू २
२० व्हीडीयू १,२७,१,६५,१,८
३० फॉर पी=१ टू २
४० व्हीडीयू १,२७,१,७५,१,२३,१,०
५० फॉर एन=१ टू २३
६० रीड के
७० व्हीडीयू १,के
८० नेक्स्ट
९० व्हीडीयू १,१३,१,१०
१०० नेक्स्ट
११० व्हीडीयू १,२७,१,६४
१२० व्हीडीयू ३
१३० डेटा ०,०,०,०,०,०,०,०,०,०,०,०,०,०,०
१४० डेटा १६,८,४,२,१,०,०,०
१५० डेटा ६६,१४५,१४५,१२६,१४४,१४४,२५५,१२८,२५५,१२८
१६० डेटा १४४,१५६,१४६,१४६,१४८,२५५,१२८
१७० डेटा १२८,१३६,२०४,१७८,१२९,१२८

ओळ १३० मधील पंधरा शून्ये म्हणजे मोकळी जागा. ती मोजून ठेवली नाहीत तर मात्रा 'र'वर न पडता 'च'वर पडेल. चिंदरसाठी अनुस्वार हवा असेल तर वरच्या फेरीत योग्य जागी १२, १२ असे दोन स्तंभ द्यावेत. शिरोरेषेपासून किंचित वर एक ठसठशीत टिंब उमटते.

नाव चुकल्याने काय बिघडते

इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. नाव रोमन अक्षरांत छापले तर काय बिघडते?

रोमन लिपीत 'ल' आणि 'ळ' यांना एकच अक्षर आहे. 'न' आणि 'ण', 'त' आणि 'ट', 'द' आणि 'ड' यांचेही तसेच. काळे आणि काले ही दोन वेगळी आडनावे रोमन यादीत एकरूप होतात. ती यादी पुन्हा मराठीत उतरविताना लिहिणारा अंदाजाने एक निवडतो. पळसंब गावाचे 'पलसंब' अशाच रीतीने होते. मूळ नोंदीत एक नाव, दाखल्यावर दुसरे आणि पासबुकावर तिसरे अशी स्थिती झाली की वारस नोंद, निवृत्तिवेतन किंवा अनुदान यांच्या वेळी सामान्य माणसाला प्रतिज्ञापत्र करीत फिरावे लागते. मुंबईला नोकरीस असलेल्या कोकणी माणसाला त्यासाठी रजा काढून गावी यावे लागते. कागदावरील एका बिंदूची किंमत अशी मोजली जाते.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये राज्याचा कारभार मराठीतून चालावयाचा आहे. तो यंत्राच्या सोयीने थांबण्याचे कारण नाही, हे वरील पंचवीस संख्यांवरून दिसून येते. यंत्राला रोमन अक्षरे येत होती ती जन्मतः नव्हे; कोणीतरी त्यांचे बिंदू आधी मांडून ठेवले होते म्हणून. मराठीसाठी ते काम कोणीतरी करावयाचे बाकी होते, इतकेच.

छापणे वेगळे आणि साठविणे वेगळे

ते काम पुढे मोठ्या प्रमाणावर झालेही. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत भारतीय लिप्यांसाठी 'जिस्ट' हे तंत्र विकसित झाले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या 'सी-डॅक' या संस्थेने ते पुढे नेले. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या संकेतांचे राष्ट्रीय मानक ठरले आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक कोष्टकात देवनागरीला स्वतःचे स्थान मिळाले. २४ सुयांच्या प्रिंटरमुळे अक्षरही अधिक रेखीव झाले.

या प्रगतीतील एक मुद्दा वरील अभ्यासातून नीट समजतो. पिरावाडी लिहिताना आधी 'प' उच्चारला जातो, मग ऱ्हस्व इकार. कागदावर मात्र वेलांटी 'प'च्या आधी उभी असते. बिंदू छापणाऱ्या आज्ञावलीला दिसण्याचा क्रम पाळावा लागतो. नाव साठविताना उच्चाराचा क्रम पाळावा लागतो. नाहीतर यादी अकारविल्हे लावता येत नाही आणि शोधलेले नाव सापडत नाही. राष्ट्रीय मानकाने आणि युनिकोडने उच्चाराचाच क्रम स्वीकारला आहे. याउलट, अनेक कार्यालयांनी मधल्या काळात केवळ दिसण्यापुरते मराठी देणारे टंक वापरले. त्या टंकांतील जुन्या नस्ती दुसऱ्या संगणकावर उघडल्या की अक्षरांऐवजी अनाकलनीय चिन्हे दिसतात. कागद सुंदर होता. नोंद मात्र टिकली नाही. ज्या कार्यालयात अशा नस्ती शिल्लक असतील त्यांनी त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करून मूळ कागदाशी ताडून पाहणे अगत्याचे आहे.

किनारपट्टीवर घ्यावयाची निगा

सुयांचा प्रिंटर अद्याप कालबाह्य झालेला नाही. सुई कागदावर आघात करीत असल्याने कार्बनखालच्या प्रतीही एकाच वेळी उमटतात. म्हणून पासबुक भरण्यासाठी आणि अनेक प्रतींच्या पावत्यांसाठी तो अद्याप वापरात आहे. खाडीकाठच्या दमट व खाऱ्या हवेत त्याची विशेष काळजी घ्यावी लागते. पावसाळ्यात कागद ओलसर होऊन फुगतो आणि कडेची छिद्रे दात्यांत नीट बसत नाहीत. म्हणून कागदाचा गठ्ठा बंद पेटीत, जमिनीपासून उंच ठेवावा. काम संपल्यावर यंत्रावर आच्छादन घालावे. यंत्र चालू असताना रूळ हाताने फिरवू नये. छपाईनंतर हेड तापलेले असते, त्याला लगेच बोट लावू नये. फीत सुकली असता अक्षर पुसट येते; ते ठळक करण्यासाठी तीच ओळ दोनदा छापण्यापेक्षा फीत बदलणे हिताचे. वीज गेल्यास छपाई मध्येच थांबते आणि प्रिंटर सर्व सूचना विसरतो. म्हणून प्रत्येक आज्ञावलीच्या आरंभी आवश्यक त्या सूचना पुन्हा पाठविण्याची सवय ठेवावी.

शिक्षकांसाठी उपक्रम

हा पाठ शिकविण्यासाठी जुना संगणक हाताशी असलाच पाहिजे असे नाही. बीबीसी मायक्रोची नक्कल करणाऱ्या आज्ञावली आजच्या संगणकावर मिळतात. तेही शक्य नसेल तर चौकटीची वही आणि पेन्सिल पुरेशी आहे. पुढील उपक्रम इयत्ता सातवीपासून पुढच्या विद्यार्थ्यांना करता येतील.

१. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वाडीच्या नावातील एक अक्षर आठ ओळींच्या चौकटीत मांडावे आणि स्तंभांच्या बेरजा काढाव्यात.

२. त्या बेरजा शेजारच्या विद्यार्थ्याला द्याव्यात आणि त्याने केवळ संख्यांवरून अक्षर पुन्हा काढावे. आकृती जुळली नाही तर चूक मांडणीत आहे की बेरजेत, हे दोघांनी मिळून शोधावे.

३. १४४ या संख्येत कोणत्या सुया आहेत, हे वजाबाकीने काढावे : १४४ मधून १२८ गेले, उरले १६, म्हणजे पहिली आणि चौथी.

४. जामडूल या नावासाठी किती फेऱ्या लागतील आणि प्रत्येक फेरीत किती शून्ये येतील, याचा हिशेब करावा.

५. काही वर्षांच्या अंतराने होणाऱ्या गावपळणीच्या वेळी आचऱ्याचे ग्रामस्थ गुरेढोरे घेऊन तीन दिवस वेशीबाहेर राहतात. अशा वेळी कोणते कुटुंब कोठे उतरले आहे, याची वाडीवार यादी कशी असावी, तिला कोणते रकाने लागतील, हे ठरवून तिचा क्रमांकित तक्ता पहिल्या अभ्यासाप्रमाणे लिहावा.

पंचायत सदस्य आणि अधिकारी यांच्यासाठी उपक्रम एकच आहे. ग्रामपंचायतीच्या संगणकावरून निघालेली कर मागणीची यादी हाती घ्यावी, ती मूळ नोंदवहीशी ताडून पाहावी आणि ज्या नावांत 'ळ', 'ण' किंवा अनुस्वार हरवला आहे ती नावे वेगळी काढावीत. ही दुरुस्ती कार्यालयातच झाली तर संबंधित कुटुंबाला पुढे तालुक्याच्या खेपा घालाव्या लागणार नाहीत.

प्रिंटर मिळालेल्या संख्या विश्वासाने छापतो. चुकीची संख्या दिली तर चुकीचा बिंदू, आणि बरोबर दिली तर बरोबर अक्षर. दुकानांतील पावत्या छापणारे लहान प्रिंटरही आज बहुधा २७, ६४ याच सूचनेने मूळ स्थितीत येतात. साधने बदलत गेली तरी आज्ञा देणाऱ्याची जबाबदारी बदललेली नाही. गावाचे आणि माणसाचे नाव अचूक ठेवणे ही ती जबाबदारी होय.